लिंगोच्या गीताचा १८६६ चा छापील पाठ

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या दप्तरांत राहिलेले मध्यप्रांतांतील वन्य जमातींविषयींचे लेख तेव्हांचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनीं टीपा जोडून १८६६ सालीं छापून काढले. त्या संग्रहांत जमातींचें वर्णन आहे. गोंडी, कोलामी, नायकुडे, माडिया, कैकाडी इत्यादि बोलींतील शब्दांचें तुलनात्मक कोष्टक आहे. आणि गोंडांचा दिव्य पुरुष जो लिंगो त्याचें एक दीर्घ गीत, मूळ गोंडी शब्द रोमन लिपींत देऊन, इंग्रजी अर्थासह छापलें आहे. प्रस्तुत लेखांत आम्हांस या गीताचाच विचार कर्तव्य आहे. गोंडांचा धर्म, त्यांचीं कुळें व त्यांचें मूलस्थान यांविषयीं पुढें जें लिहिलें गेलें, त्यांतील पुष्कळसें या एका पाठाच्या आधारावर उभें आहे. एकाद्या बखरीची एकच प्रत हातीं आली असतां आपण कांहीं प्रश्न विचारल्यावांचून राहत नाहीं. सांगणारा कोण, उतरून घेणारा कोण, कोणाकरितां व कोणत्या प्रसंगीं? या गीतास मात्र ते प्रश्न क्वचितच विचारले गेले. तें छापील आहे व साहेबानें छापलेलें आहे, एवढ्यावरच बहुतेकांचें समाधान झालेलें दिसतें.

प्रथम उतरून घेणाऱ्याविषयीं. हिस्लॉप हे स्कॉटलंडचे. जन्म १८१७ चा. फ्री चर्चच्या मिशनतर्फे ते १८४५ सालीं नागपुरास आले. त्या वेळीं नागपूर भोंसल्यांचें होतें. गोंडांत मिशनचें काम काढण्याची कल्पना त्यांच्या आधींची आहे. अमरकंटकाच्या बाजूस करंजिया नांवाचें खेडें आहे, तेथें १८४१ च्या सुमारास जर्मन मिशनऱ्यांची एक लहान मंडळी येऊन वसली होती. रानांतील रोगराईनें त्यांतील बहुतेकांचा थोडक्या काळांत अंत झाला, आणि उरलेल्यांस तें ठाणें सोडावें लागलें. या अनुभवानंतर नागपूरच्या मिशनची मुख्य शक्ति शहरांतील व कामठीच्या शाळांवर खर्च झाली यांत नवल नाहीं. गोंडांची गांठ पडे ती बहुधा थंडीच्या दिवसांतील दौऱ्यांत. हिस्लॉप यांस भूगर्भशास्त्राचा नाद होता. दगड, जीवाश्म, जुनीं शिळावर्तुळें यांच्या शोधांत ते गांवोगांव हिंडत, आणि तेथेंच त्यांस शब्द व कथाही मिळत. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटचीं शिळावर्तुळें पाहून, वाटेंत एका शाळेची परीक्षा घेऊन, बोरीकडे एकटेच घोड्यावरून येत असतां पूर आलेल्या ओढ्यांत ते बुडून वारले. वय शेहेचाळिसावें चालू होतें. कागद अपुरेच राहिले.

म्हणजे आपल्यापुढें जें पुस्तक आहे तें ग्रंथकारानें स्वतः छापलेलें नव्हे. एका परधानानें म्हटलेलें गीत एका मिशनऱ्यानें टिपलें आणि त्याच्या पश्चात् एका राज्याधिकाऱ्यानें तें प्रसिद्ध केलें. पाठ असा तीन हातांतून गेला आहे. प्रत्येक हाताची खूण त्यावर कोठें व किती उमटली, हें पाहणें हा या परीक्षणाचा विषय.

ज्यांनीं मूळ वाचलें नसेल त्यांच्याकरितां कथेचा सांगाडा देतों. गोंडांची उत्पत्ति झाली. पण ते रानोमाळ वाटेल तें खात, आंघोळ करीत नसत, त्यांच्या अंगाच्या दुर्गंधीनें महादेव त्रासला. त्यानें आपल्या अंगाच्या मळाची खार केली व तिला जीव दिला. तिच्या पाठीमागें गोंड धांवत गुहेंत शिरले. महादेवानें तोंडावर प्रचंड शिळा लोटली आणि भस्मासुरास पहाऱ्यास बसविलें. चौघे निसटून काचीकोपा लोहागड नांवाच्या ठिकाणीं गेले. इकडे पार्वतीस आपल्या गोंडांचा परिचित गंध येईना म्हणून ती व्रत धरून बसली, तेव्हां भगवंतानें गोंड परत मिळतील असें वचन दिलें. फुलापासून लिंगो जन्मला, त्या चौघां भावांस मिळाला, त्यांस शेती शिकविली, रिकड गवडी नांवाच्या राक्षसाकडून विस्तव मिळविला, वाद्य वाजवून त्याला नाचविलें आणि त्याच्या सात मुली भावांस बायका म्हणून आणल्या. त्या बायकांचें मन लिंगोवर गेलें, त्यानें झिडकारलें, त्यांनीं उलटा आळ घेतला, भावांनीं लिंगोस मारून त्याचे डोळे काढले. अमृतानें तो पुन्हा उठला. त्यानें तप केलें, बिंदो पक्ष्याचीं पिलें आणण्याचा पण पुरा केला, गुहेंतील गोंड सोडविले. पुढें पाण्याचा लोंढा; त्यांत मगर दगा देऊं पाहते व कासव तारतें. अखेरीस लिंगो गोंडांचीं कुळें पाडतो, देवांची पूजा व लग्नाचे विधि लावून देतो, कासवास दिलेला शब्द पाळा असें सांगतो आणि अंतर्धान पावतो.

हा सांगाडा वाचतांच बायबल जाणणाऱ्याच्या मनांत एक शंका येते, व ती आम्हांसही पुष्कळांच्या तोंडून ऐकावयास मिळाली आहे. परक्या स्त्रीनें सच्छील तरुणावर आळ घेणें ही योसेफाची कथा. कोंडलेल्या प्रजेस एका पुरुषानें सोडविणें, पाणी ओलांडून नेणें व नियम लावून देणें ही मोशाची. मारलेला तारक पुन्हा उठणें तर सांगावयासच नको. तेव्हां पाद्रीसाहेबांनीं आपलेंच शास्त्र गोंडांच्या तोंडीं घातलें नाहीं ना? आरोप सोपा आहे आणि आपल्याकडे तो लौकर पटतोही. परंतु पुरावा त्याच्या विरुद्ध जातो.

आळ घेण्याची गोष्ट घ्या. ती आपल्याकडे योसेफावांचून अडलेली नाहीं. अशोकपुत्र कुणाल, त्याची सावत्र आई तिष्यरक्षिता, तिची विफल इच्छा आणि परिणामीं कुणालाचे काढलेले डोळे ही कथा ‘दिव्यावदानां’त आहे, जातकांतील महापदुमाची कथाही याच जातीची. यांत विशेष पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे डोळे. योसेफाचे डोळे कोणी काढले नाहींत; कुणालाचे काढले, लिंगोचेही काढले. कुणालाची कथाच गोंडांकडे गेली असें आम्ही म्हणत नाहीं, तसें म्हणण्यास मधला दुवा हवा. पण ज्याला सादृश्य दाखवावयाचें आहे त्यानें जवळचें सोडून दूरचें कां धरावें?

याहून बळकट पुरावा गोंडवनांतलाच आहे. व्हेरिअर एल्विन यांनीं १९४७ सालीं बस्तरच्या मुरियांवर लिहिलेल्या ग्रंथांत लिंगो येतो. तेथें तो घोटुलाचा संस्थापक आहे, अठरा वाद्यें वाजवितो, आणि भावजयांचें मन त्याच्या वादनावर जाऊन भाऊ त्याच्यावर उठतात. १९४८ सालीं फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनीं आदिलाबादच्या राजगोंडांची परधानांनीं गाइलेली कथा प्रसिद्ध केली. तींत पहांडी कुपार लिंगल आहे, शंभु महादेवानें केलेली गुहेंतली कोंडी आहे आणि सुटकाही आहे. पण तेथें कोंडले जातात ते गोंडांचे देव, आणि सुटकेंत जंगूबाईचा हात आहे. नागपूरच्या पाठांत ती या कामीं नाहीं. नागपूर, बस्तर, आदिलाबाद हीं तीन ठिकाणें परस्परांपासून दूर, उतरून घेणारे तीन भिन्न प्रकारचे गृहस्थ, आणि मधलें अंतर ऐंशीं वर्षांहून अधिक. एका दौऱ्यावरच्या पाद्र्यानें घातलेली कथा इतक्या रानांतून, इतकीं निराळीं रूपें घेऊन पसरावी हें संभवनीय नाहीं. कथेच्या गाभ्यांत मिशनऱ्याचा हात नाहीं, असें आमचें निश्चित मत आहे.

हात आहे तो अन्यत्र. छापील पाठाचे पांच भाग पाडले आहेत व त्यांस इंग्रजी मथळे दिले आहेत: सृष्टि व गोंडांची उत्पत्ति, लिंगोचा जन्म व मृत्यु, त्याचें पुनरुज्जीवन व गोंडांची दास्यांतून सुटका, कुळांची व पूजेची स्थापना, विवाहविधि. परधान रात्रभर गातो. तो अध्याय पाडून त्यांवर मथळे घालीत नसावा. ‘दास्यांतून सुटका’ हे शब्द कोणत्या ग्रंथाच्या संस्कारानें सुचले हें सांगावयास नको. मूळ कथेंत तर दास्यच नाहीं. गोंड कोणाची चाकरी करीत नव्हते, ते गुहेंत कोंडलेले होते. वाचकाचें मन मथळ्यानें एकदां वळलें कीं पुढें सारी कथा त्याच रंगाची दिसूं लागते. आमच्या मतें बायबलाची शंका मुख्यतः या मथळ्यांनीं उत्पन्न केली आहे. पोथीच्या समासांतील लिखाण मूळांत शिरल्याचीं उदाहरणें संग्राहकांस नवीं नाहींत. येथें समास वाचकाच्या डोक्यांत शिरला आहे.

आतां पुराणांची बाजू. आमच्यासारख्या संस्कृतांत वाढलेल्या मनुष्यास महादेव, पार्वती, भगवान्, अमृत, भस्मासुर हीं नांवें दिसतांच ‘हें सारें आमचेंच’ असें म्हणण्याचा मोह होतो, आणि तो मोह मिशनऱ्याच्या मोहाहून कमी घातक नाहीं. भस्मासुराचेंच पाहा. पुराणकथेंतील भस्मासुराचें सारें मर्म त्या वरांत आहे: ज्याच्या मस्तकावर हात ठेवील तो भस्म होईल. गीतांत वर नाहीं, भस्म नाहीं, मोहिनी नाहीं. तो नुसता दाराशीं बसलेला पहारेकरी. नांव उसनें आणलें, कथा आणली नाहीं. मळापासून केलेली खार पाहून पार्वतीनें मळापासून केलेला गणपति आठवतो खरा. पण तेथें निर्माण झाला तो द्वारपाल, येथें निर्माण झालें तें आमिष. कासव व पूर यांवरून शतपथब्राह्मणांतील मनु व मत्स्य आठवतात. पण मनूच्या माशास प्रतिस्पर्धी नाहीं, आणि या गीतांतील प्रसंगाचें सारें सार मगर व कासव यांच्या विरोधांत आहे. त्यावरच कासवास न दुखविण्याची शपथ टेकलेली आहे. आमचें अनुमान असें कीं नांवांचा थर वरचा व अलीकडचा, कृतीचा थर खालचा व जुना. गोंडी भाषेंत देवास शब्द आहे ‘पेन’. ज्या भागांत कुळें व पूजा येतात तेथें ‘पेन’ येतात. जेथें सृष्टि व तप येतें तेथें महादेव व भगवान् येतात. शब्दांची ही वांटणी सहज झालेली नव्हे, असें आम्हांस वाटतें.

आणि महादेव तरी कोणता? या गीतांतील महादेव गोंडांचा द्वेष्टा आहे, पार्वती त्यांची कैवारी. ज्या वासाचा देवास तिटकारा आला, त्याच वासावांचून देवीस करमेना. हा प्रसंग एकाद्या भटजीनें गोंडांस हिणविण्याकरितां घातला असावा असें मत आम्ही ऐकलें आहे. पण हिणविणारा दुसरा अर्धा भाग घालता ना. आज गोंडांतील विद्वान् शंभु हा आपलाच, पुराणांतील शिवाहून वेगळा व प्राचीन, असें प्रतिपादन करतात. त्या प्रतिपादनाचीं सर्व अंगें आम्हांस मान्य नाहींत. तथापि १८६६ च्या पाठापुढें तें ठेवून पाहिल्यास पाठांतील कांहीं गांठी सुटतात हें मान्य केलें पाहिजे.

मूलस्थानाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण या गीताचा अत्यंत दुरुपयोग येथें झाला आहे. गीतांत धवलगिरि येतो. तेवढ्यावरून गोंड हिमालयांतून उतरले असा तर्क बांधला गेला. धवलगिरि हें नांव कीर्तनांतून, पोथींतून, कोठूनही येऊं शकतें. त्यावर एका जातीचें स्थलांतर टांगणें धाडसाचें आहे. उलट काचीकोपा लोहागड या नांवाकडे फारसें लक्ष दिलें गेलें नाहीं. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथांत त्याचा अर्थ ‘तांबड्या डोंगरांतील लोखंडी दरी’ असा आहे. गोंडींत ‘कच्ची’ म्हणजे लोखंड. मग ‘लोहा’ म्हणजे तांबडा कशास? संस्कृतांत ‘लोह’ शब्दास तांबडा व धातु असे दोन्ही अर्थ आहेत, त्यामुळें घोटाळा झाला असावा. आमच्या मतें हें एकच नांव दोन भाषांत दोनदां म्हटलें आहे: पूर्वार्ध गोंडी, उत्तरार्ध त्याचेंच आर्यभाषेंतील रूप. परधान दोन भाषांच्या श्रोत्यांपुढें गाणारा. त्यानें असें जोडनांव वापरणें स्वाभाविक आहे. हिस्लॉप यांनींही ‘गोंड’ शब्द तेलुगूंतील डोंगरवाचक ‘कोंड’ शब्दाशीं जोडला आणि हे लोक स्वतःस ‘कोइतोर’ म्हणवितात हें नोंदविलें. कनिंगहॅम यांनीं तोच शब्द ‘गौड’ देशाकडे नेला. दोहोंत हिस्लॉप यांची दृष्टि आम्हांस अधिक सरळ वाटते, कारण त्यांनीं आधीं लोकांस त्यांचें नांव विचारलें.

गुहा कोणती, यावरही वाद आहे. कांहींनीं पचमढीच्या महादेव डोंगराकडे बोट दाखविलें. विसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकापासून गोंदिया जिल्ह्यांत सालेकसा तालुक्यांतील कचारगडची प्रचंड गुहा हीच ती, असें गोंड समाजानें मानलें असून माघी पौर्णिमेस तेथें दूरदूरच्या राज्यांतून लाखों लोक जमतात. यात्रा हा आजच्या श्रद्धेचा पुरावा, जुन्या भूगोलाचा नव्हे, असें इतिहासाचा अभ्यासी म्हणेल, व तें बरोबर आहे. पण हाच न्याय धवलगिरीसही लावावयास हवा होता.

आतां मुख्य साक्षीदार, म्हणजे परधान. हा गोंडांचा भाट. आपल्या यजमानांच्या घरीं जावें, किंगरीसारखें तंतुवाद्य वाजवून कुळाचा इतिहास व देवांच्या कथा गाव्या आणि दान घ्यावें, ही त्याची वृत्ति. शामराव हिवाळे यांनीं १९४६ सालीं नर्मदेच्या उगमाकडील परधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून ही वृत्ति सविस्तर वर्णिली आहे. हें ध्यानांत घेतल्यावर गीताच्या उत्तरार्धाकडे निराळ्या दृष्टीनें पाहावें लागतें. कुळें कशीं पाडलीं, पूजा कोणी करावी, लग्नांत कोणास काय द्यावें, हें सांगणाराच त्या देण्याचा धनी आहे. राजवाड्यांनीं बखरींवर जो अविश्वास दाखविला त्याच्या निम्मा तरी येथें दाखवावयास हरकत नव्हती. अविश्वास म्हणजे त्याग नव्हे. भाटाच्या वंशावळींतून आपण स्वार्थाचा भाग वजा करून उरलेलें घेतों, तसेंच येथें करावें. हिस्लॉप यांच्यापुढें गातांना हा परधान यजमानाच्या अंगणांत नव्हता, हेंही विसरूं नये. लेखणी थांबली कीं तो थांबणार, विचारलें कीं खुलासा करणार. सुरांत जें वाहून जातें तें लिहून घेतांना अडखळतें. अशा पाठास ‘गोंडांचें पुराण’ म्हणणें म्हणजे एका कीर्तनकाराच्या एका आख्यानास महाभारत म्हणण्यासारखें आहे.

हें सर्व असतांही हिस्लॉप यांची थोरवी कमी होत नाहीं. त्यांनीं मूळ शब्द टिपले. हें एक वाक्य वाचकांनीं हलकें समजूं नये. १८७१ त प्रसिद्ध झालेल्या कॅप्टन फॉर्सिथ यांच्या मध्यहिंदुस्थानच्या डोंगरांवरील पुस्तकांत हेंच गीत इंग्रजी पद्यांत उतरलें आहे, तेंही अमेरिकन कवि लाँगफेलो यांच्या ‘हायावाथा’ काव्याच्या चालीवर. वाचावयास तें गोड आहे, परंतु त्यावरून परत गोंडीपर्यंत जातां येत नाहीं. हिस्लॉप यांच्या पाठावरून जातां येतें. रोमन लिपींत त-ट, द-ड यांचा भेद खुणांवांचून राहत नाहीं, म्हणून शब्द लावण्यास गोंडी जाणणाऱ्याचें साहाय्य लागतें. पण शब्द आहेत. आमच्या प्रांताच्या एका टोंकास फादर स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं ‘ख्रिस्तपुराण’ छापून लोकांच्या भाषेंत आपला धर्म ओतला. त्या दानाचें कौतुक आपण मराठीच्या प्रेमानें नेहमीं करतों. लोकांचा धर्म त्यांच्याच शब्दांत उतरून घेऊन तसाच ठेवणें, हें त्याच्या उलट दिशेचें काम मात्र मिशनच्या अहवालांतही गौण ठरलें आणि आपल्याकडेही.

करंजियाचें नांव वर आलें आहे. त्याच खेड्यांत १९३२ सालीं एल्विन व हिवाळे जाऊन राहिले. दोघेही पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघांतून आलेले. एल्विन यांनीं पुढें चर्चशीं संबंध तोडला, आणि दोघांनीं मिळून गोंड व बैगांचीं गाणीं संग्रहित करून प्रसिद्ध केलीं. धर्म देण्यास आलेल्या माणसांनीं अखेर गाणीं घेऊन निघावें, असें त्या डोंगराळ मुलुखांत वारंवार घडलेलें दिसतें. मात्र या संग्रहांतील फार मोठा भाग इंग्रजी भाषांतरांतच छापला गेला, ही त्यांतील उणीव आम्हांस हिस्लॉप यांचे कागद चाळतांना अधिक जाणवते.

१८६६ चा पाठ नव्यानें छापण्याची आतां वेळ आली आहे. तो देवनागरींत, ओळवार, गोंडी जाणणाऱ्या परधानाकडून शब्द तपासून छापावा. समोरच्या पानावर मराठी गद्य अर्थ असावा, पद्य नको. आदिलाबाद व बस्तरचे प्रसंग जुळतील तेथें तळाशीं पाठभेद म्हणून द्यावे. पांच भागांचे मथळे काढून टाकावे. नवीं गायनें उतरून घ्यावयाचीं तीं यजमानाच्या अंगणांत, खरें आख्यान चालू असतां. आणि प्रत्येकाच्या माथ्यावर गाणाऱ्याचें नांव, गांव, यजमानाचें कूळ, प्रसंग व मिळालेलें दान लिहावें. ज्याच्या तोंडून हें सर्व आलें तो १८६० च्या सुमाराचा नागपूरकडील मनुष्य पुढच्या ग्रंथांतून ‘एक परधान’ एवढाच उरला आहे. नव्या आवृत्तींत तरी गाणाऱ्यांचीं नांवें मुखपृष्ठावर यावीं, संपादकांचीं आंत.